लोखंडाची आठवण

"अज्जा, लाइट गेली!" धाकटी ओरडत आली, पण मला ते आधीच कळलं होतं. पंख्याची पाती दिसायला लागली की मान आपोआप वर जाते.

मे महिना, संध्याकाळचे पाच वाजत आलेले. सकाळपासून अंगाची काहिली चालली होती, माळवदावर पाय ठेववत नव्हता. तीनच्या सुमाराला आळंदच्या बाजूला एक ढग उभा राहिलेला मी पाहिला होता. खाली काळाकुट्ट, वर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा पांढराशुभ्र. ढग आडवा पसरलेला असला की मी निवांत असतो. उभा राहिला की अज्जीला सांगतो, वाळवण आवर. त्या दिवशी पापड्या आत घेईपर्यंत वावटळ येऊन थडकली. कडब्याच्या गंजीवरची ताडपत्री उडाली, कोपऱ्यावरच्या लिंबाची फांदी कडाडली, टपोऱ्या थेंबांमागोमाग बोराएवढ्या गारा पत्र्यावर वाजायला लागल्या, आणि लाइट गेली.

आमचं मैंदर्गी अक्कलकोट आणि दुधनीच्या मधलं. थोडं पुढं गेलं की कर्नाटक लागतं. घरात मराठी आणि कट्ट्यावर कन्नड, म्हणून मी नातवंडांचा आजोबा न होता अज्जा झालो. आमच्या तालुक्यात पाऊस बेताचाच, पण वळीव येतो तो वाजतगाजत. झाड तारेवर आडवं झालं की लाइट तासाभरात येईल की उद्या दुपारी, कुणी सांगू शकत नाही. २०२० च्या ऑक्टोबरात तर बंगालच्या उपसागरात उठलेलं वादळ आंध्रच्या किनाऱ्यावर चढलं आणि जमिनीवरून चालत चालत थेट सोलापूरपर्यंत आलं. १३ आणि १४ तारखेच्या त्या पावसानं बोरी नदीला पूर आणला, उभी पिकं झोपवली. त्याच वर्षी ३ जूनला कोकणावर निसर्ग चक्रीवादळ आदळलं, तेव्हा दापोली-श्रीवर्धनकडच्या गावांनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढले. म्हणून परसातल्या खोलीत मी एक लहान जनरेटर ठेवून आहे. दोन केव्हीएचा, पेट्रोलवरचा, दोघांनी उचलावा एवढा. इन्व्हर्टरही आहे, पण त्याची बॅटरी आता थकली. दोन पंखे लावले की तासाभरात मान टाकते.

"काढायचा का जनरेटर?" थोरल्यानं विचारलं. तो आठवीत गेलाय, दोरी ओढायची म्हटली की त्याच्या अंगात येतं.

"गारा थांबू दे. ओल्या हातानं विजेच्या वाटेला जायचं नाही."

मग आम्ही तिघं सोप्यात बसून ढगाकडे बघत राहिलो. मी म्हटलं, "अरे, खरा जनरेटर तर तो वर चाललाय."

जमीन तापते, तिच्यावरची हवा तापून हलकी होते आणि वर धावत सुटते. समुद्राकडून आलेली थोडी दमट हवा तिच्यासोबत असली की वर गार पडून तिचे थेंब होतात, आणखी वर त्यांचं बर्फ होतं. असा ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच चढतो, म्हणजे एव्हरेस्टपेक्षाही उंच. त्याच्या पोटात बर्फाचे हलके कण वर जात असतात, जड गारा खाली येत असतात, आणि जाता-येता एकमेकांना घासतात. त्या घासण्यातून वीज वेगळी होते. एक जात वरच्या मजल्यावर साठते, दुसरी खालच्या. हवा दोघींना अडवून धरते. अडवणं अशक्य झालं की कडाड! त्या वाटेवरची हवा क्षणभर तीस हजार अंशांपर्यंत तापते. सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट.

"अज्जा, ती वीज धरून ठेवली तर?"

"सगळ्यांच्याच मनात येतं ते. एका विजेत साधारण अडीचशे-पावणेतीनशे युनिट असतात. आपल्या घराचं दोन-तीन महिन्यांचं बिल. पण येते कुठं, कधी, आणि थांबते किती? डोळ्याचं पातं लवायच्या आत संपते."

हे ढग आपल्याच आकाशात किती नीट तपासले गेलेत, हे मुलांना ठाऊक नव्हतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापुरात मुक्काम टाकला होता. विमानं घेऊन ते ढगांपर्यंत जायचे. काही ढगांत पाऊस पाडणारे कण फवारायचे, काहींना तसंच सोडायचं आणि दोघांची तुलना करायची. असे २७६ ढग त्यांनी निवडले. पावसाची वाट बघत डोळे शिणलेल्या आमच्या मुलखाच्या डोक्यावर कुणीतरी एवढ्या आस्थेनं ढग मोजतंय, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

गारा थांबल्या, पाऊस झिमझिमीवर आला. आम्ही जनरेटर बाहेर काढला.

माझ्या परसात, घरापासून चांगल्या वीस-पंचवीस पावलांवर, चार खांबांवर पत्रा टाकलेला एक मांडव आहे. वरून झाकलेला, चारी बाजूंनी उघडा. तिथं फरशीवर जनरेटर ठेवायचा आणि त्याचं धूर सोडणारं तोंड शेताकडं करायचं.

"एवढ्या लांब कशाला? ढाळजेत ठेवला असता तर वायर पुरली असती, भिजलाही नसता," थोरला म्हणाला.

अज्जी भाकरीचं पीठ घ्यायला उठली होती. तिनं वळून माझ्याकडं पाहिलं.

मी म्हटलं, "रात्री सांगतो. आता दोरी ओढ."

पेट्रोलची कळ उघडली, चोक ओढला. पहिल्या दोन ओढींना नुसती खोकल्यासारखी उबळ. तिसऱ्या ओढीला यंत्र जागं झालं. मी चोक हळूच मागं ढकलला तसा त्याचा आवाज एका लयीत आला.

आत काय चाललंय ते मुलांना आवाजावरूनच सांगितलं. दट्ट्या खाली येतो तेव्हा पेट्रोलची वाफ आणि हवा आत ओढतो. वर जाताना ती दाबून गच्च करतो. मग ठिणगी पडते, वाफ पेटते, दट्ट्या खाली फेकला जातो. परत वर येताना जळका धूर बाहेर. हे चक्र सेकंदाला पंचवीस वेळा. ती ठिणगी म्हणजे मघाच्या विजेचीच धाकटी बहीण. मोकळ्या हवेत एक मिलिमीटर अंतर ओलांडायला विजेला तीन हजार व्होल्ट लागतात, इथं तर दाबलेल्या वाफेतून उडी मारायची असते. वर बारा किलोमीटरच्या ढगात जे घडतं, ते इथं नखाएवढ्या फटीत घडतं. आणि पेट्रोल तरी काय? कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांनी साठवलेलं ऊन. ते गाळात पुरलं गेलं, दाबलं गेलं, शिजलं. एका लिटरात सुमारे नऊ युनिटांइतकी उष्णता असते, पण असल्या लहान यंत्रातून आपल्या हाती फार तर दोन युनिट वीज लागते. बाकीचं ऊन गरम हवा होऊन आणि ढणढणाट करून निघून जातं.

"ते कळलं," थोरला म्हणाला, "पण जळण्यातून फिरणं झालं. फिरण्यातून लाइट कशी होते?"

हाच प्रश्न लंडनमधल्या एका लोहाराच्या मुलाला पडला होता. मायकेल फॅरडे त्याचं नाव. घरी गरिबी, शाळा जेमतेम. पुस्तकं बांधणाऱ्याकडं उमेदवारी करायचा आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचायचा. पुढं तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये शास्त्रज्ञ झाला. १८२० साली डेन्मार्कच्या अर्स्टेडला दिसलं होतं की तारेतून वीज गेली की जवळची होकायंत्राची सुई हलते, म्हणजे विजेतून चुंबक होतो. फॅरडेच्या मनात उलटा प्रश्न: चुंबकातून वीज होईल का? वर्षानुवर्षं तो मधूनमधून प्रयत्न करत राहिला. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक ठेवायचा, वीज मोजणाऱ्या सुईकडं बघायचा. सुई ढिम्म. १८३१ च्या २९ ऑगस्टला लोखंडी कड्यावर गुंडाळलेल्या दोन तारांच्या प्रयोगात पहिल्यांदा सुई थरथरली. मग १७ ऑक्टोबरला त्यानं वेटोळ्यात चुंबक खुपसला आणि सुई उडाली. काढला, उलट्या दिशेला उडाली. आत नुसता ठेवला, पुन्हा ढिम्म.

"म्हणजे हलवत राहायला पाहिजे!" धाकटी म्हणाली.

बरोबर. ठेवलेला चुंबक काही देत नाही, हलणारा देतो. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये पिक्सी नावाच्या कारागिरानं हातानं फिरवायचं विजेचं यंत्र बनवलं. आपल्या परसातलं यंत्र त्याचंच पणतवंड. आत मिनिटाला तीन हजार फेरे, म्हणजे सेकंदाला पन्नास. म्हणून आपल्या बल्बात वीज सेकंदाला पन्नासदा पुढंमागं होते. बोर्डाच्या विजेचाही तोच ताल.

सांगून पटत नाही, हाताला कळावं लागतं. माझी जुनी सायकल अजून परसातल्या खोलीत आहे, तिला बाटलीसारखा डायनॅमो आहे. सायकल उलटी केली, मागच्या चाकाला डायनॅमो टेकवला, दिव्याची वायर काढून ठेवली आणि धाकटीला पायडल मारायला लावलं. चाक सोडल्यावर ते सरसर फिरत राहिलं. मग वायर जोडली, पुन्हा तेवढाच जोर लावायला सांगितला. दिवा पिवळाजर्द पेटला, पण या खेपेला चाक कितीतरी आधी थांबलं.

"जड झालं," ती म्हणाली. "दिवा ओढून धरतो मला."

मला या वाक्याचा फार आनंद झाला. वीज फुकट होत नाही. तारेत वीज धावायला लागली की ती तार स्वतःच चुंबक होते आणि फिरणाऱ्या चुंबकाला विरोध करते. जितकी वीज मागाल तितका जोर लावा. लगेच घरात जाऊन अज्जीनं फ्रीज लावला. परसातला आवाज एकदम खोल गेला, क्षणभर गुदमरल्यासारखा झाला, मग सावरला. फ्रीजची मोटर सुरू होताना एरवीच्या कितीतरी पट वीज मागते. यंत्राची गती जराशी ढळते, गव्हर्नर नावाचा हात पेट्रोल वाढवतो आणि पुन्हा तीन हजार फेरे धरतो. म्हणून आधी फ्रीज लावायचा, तो स्थिरावला की पंखे, आणि दिवे शेवटी. नऊ-नऊ वॅटचे हे नवे दिवे यंत्राच्या गावीही नसतात.

आता गोष्टीतली माझी सगळ्यात आवडती जागा. फिरणारा चुंबक पाहिजे हे कळलं, पण या यंत्रात चुंबकाचं काम तारेनं गुंडाळलेलं साधं लोखंड करतं. त्याचा चुंबक व्हायला वीज लागते, आणि वीज व्हायला चुंबक लागतो. मग पहिली वीज कुठून येणार? वीस वर्षांपूर्वी मलाही हा पेच सुटला नव्हता. तेव्हाचा आमचा जनरेटर दोन वर्षं नुसता पडून होता. एका वळवात काढला, इंजिन झकास लागलं, दिवा मात्र लागेना. अक्कलकोटहून मेकॅनिक आला. त्यानं काही उघडलं-बिघडलं नाही. मोटरसायकलची बॅटरी आणली, दोन वायरी आतल्या ब्रशांना दोन-तीन सेकंद लावल्या, काढल्या, आणि इंजिन चालू केलं. दिवा लख्ख! "काही झालं नव्हतं सर," तो म्हणाला, "लोखंड विसरलं होतं. आठवण करून दिली."

मी विज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलं, पण इतकं नेमकं वाक्य मला वर्गात कधी सुचलं नाही.

लोखंडात अणूंच्या लहान लहान वस्त्या असतात. एकेका वस्तीतल्या सगळ्यांची तोंडं एकीकडं. पण शेजारची वस्ती दुसरीकडं बघते, तिसरी तिसरीकडं, म्हणून एकंदरीत लोखंड चुंबक नसतं. आठवडी बाजारासारखं, जो तो आपल्या व्यवहारात. मग रस्त्यानं पालखी येते आणि सगळ्यांची तोंडं एका दिशेला वळतात. लोखंडाभोवती वीज फिरली की तसंच होतं. पालखी पुढं गेली की बरेचसे पुन्हा आपापल्या कामाला लागतात, पण काही जण त्या दिशेला बघतच उभे राहतात. तेवढी उरलेली माणसं म्हणजे लोखंडाची आठवण. यंत्र फिरायला लागलं की त्या अंधुक आठवणीतून अगदी किरकोळ वीज होते. ती वीज लोखंडाला थोडं जास्त चुंबक करते, त्यातून आणखी वीज, आणखी चुंबक, आणि दोन-चार श्वासांत पूर्ण दोनशे तीस व्होल्ट. १८६६-६७ च्या सुमाराला जर्मनीत वर्नर सीमेन्स आणि इंग्लंडात चार्ल्स व्हीटस्टन यांना ही युक्ती जवळजवळ एकाच वेळी गवसली. म्हणूनच मी सांगतो, जनरेटर नुसता सांभाळून ठेवू नका. महिन्यातून एकदा दहा मिनिटं चालवा, दिवा लावून चालवा. इंजिनातलं पेट्रोल शिळं होत नाही, आणि लोखंडाची उजळणी होते.

जेवणं झाली. शेंगाची चटणी, भाकरी, आमटी. नऊला मी जनरेटर बंद केला. फ्रीज गार झाला होता, रात्रीला तेवढं पुरतं. गरम इंजिनात पेट्रोल ओतायचं नाही, म्हणून टाकी सकाळीच भरायची. ढणढणाट थांबला तसे बेडूक ऐकू आले. आकाश धुतल्यासारखं झालं होतं. सगळं गाव अंधारात, त्यामुळं चांदण्या नुसत्या ओसंडत होत्या. माळवद ओलं होतं, म्हणून आम्ही दारातल्या दगडी कट्ट्यावर बसलो.

"ह्या कट्ट्यालाही आठवण आहे," मी म्हटलं.

दोन दिवसांपूर्वी मुलं जुन्या स्पीकरचा चुंबक घेऊन ओढ्यावर गेली होती. वाळूतून फिरवल्यावर त्याला काळी बारीक कुसळं चिकटली, साळिंदराच्या अंगावर काटे उभे राहावेत तशी. ती पुडी बांधून देवळीत ठेवली होती. ती काळी कुसळं म्हणजे लोखंडाचंच एक खनिज. आमच्या काळ्या दगडातून झिजून ओढ्यात आलेलं. आणि हा काळा दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन फाटून वाहिलेला लाव्हा. सह्याद्रीपासून इथवर थरांवर थर. वाहताना तो हजार अंशांच्याही वर तापलेला. इतक्या उष्णतेत लोखंडाला काही आठवत नाही. लोहाराच्या भट्टीतलं लालबुंद लोखंड चुंबकाला चिकटत नाही, ७७० अंशांवर ते सगळं विसरतं. दगडातलं खनिज ५८० च्या आसपास. पण लाव्हा त्याच्या खाली निवला त्या घटकेला दगडातल्या लक्षावधी कणांनी पृथ्वीच्या चुंबकाची दिशा टिपली, आणि मग ती धरूनच ठेवली.

पृथ्वीचा चुंबक तरी कुठून आला? आपल्या पायांखाली २,९०० किलोमीटर खोल गेलं की वितळलेल्या लोखंडाचा समुद्र आहे. तो उकळतो, घुसळतो, पृथ्वीच्या फिरण्याबरोबर पिळवटतो. वाहणारं लोखंड आणि आधीचा थोडा चुंबक यांतून वीज, त्या विजेतून पुन्हा चुंबक. १९१९ साली जोसेफ लार्मर यांनी ही कल्पना मांडली. परसातल्या यंत्राचीच तऱ्हा, फक्त दोरी ओढणारं कुणी नाही आणि हा जनरेटर अब्जावधी वर्षं बंद पडलेला नाही.

थोरला कट्ट्यावरून हात फिरवत होता. मी सांगितलं, होकायंत्राची सुई नीट टांगली तर ती नुसती उत्तर-दक्षिण दाखवत नाही, खालीही झुकते. विषुववृत्तावर आडवी असते, ध्रुवाकडं जावं तशी जास्त जास्त झुकते. म्हणजे दगडातल्या गोठलेल्या सुयांचा झुकाव मोजला की तो दगड कुठल्या अक्षांशावर निवला ते कळतं. १९५० च्या दशकात शास्त्रज्ञांनी दख्खनचा हा दगड तपासला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धेही त्यात होते. उत्तर असं निघालं की हा दगड विषुववृत्ताच्या दक्षिणेला, तीस अंशांच्या आसपास निवला. आज मैंदर्गी विषुववृत्ताच्या उत्तरेला साडेसतरा अंशांवर आहे. आपण बसलोय तो कट्टा सुमारे पाच हजार किलोमीटर चालून आलाय, अख्खा देश पाठीवर घेऊन. आणि कुठून निघालो ते त्याला अजून पाठ आहे.

धाकटी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "अज्जा, रात्री सांगणार होतास. लांब का ठेवायचा?"

सांगायला हवंच होतं. "तुमचे बाबा कॉलेजात होते. असाच वळीव. पाऊस उभा कोसळत होता, म्हणून मी जनरेटर ढाळजेत ठेवला. बाहेरचं दार लोटलेलं, आतलं दार उघडं. धूर दिसत नव्हता, वासही फारसा नव्हता. मला वाटलं, थोडा वेळच तर चालवायचाय."

"माझं डोकं ठणकायला लागलं," अज्जी म्हणाली. "वाटलं, उन्हानं असेल. मग मळमळ. तुझी पणजी बाजेवर झोपलेली, तिला हाक मारली तर नुसतं हूं करायची."

मी पाणी आणायला उठलो तर गुडघ्यांत जीवच नाही. तेवढ्यात कुठं वाचलेलं आठवलं आणि रांगत जाऊन दार ढकललं. शेजारच्यांनी यंत्र बंद केलं, आईला अंगणात आणलं. गार वाऱ्यात तासाभरानं ती उठून बसली. चूक सर्वस्वी माझी होती. विज्ञान शिकवणारा मी, आणि माझ्याच आईच्या उशाशी विष ठेवलं होतं.

आपल्या अंगातही लोखंड आहे, एका मोठ्या खिळ्याएवढं. ते चुंबकाला चिकटत नाही, त्याचं काम वेगळं. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या एकेका रेणूत लोखंडाचे चार अणू असतात. फुप्फुसात प्राणवायू त्यांचं बोट धरतो आणि मेंदूपाशी, हातापायांपाशी सोडून देतो. धरणं आणि सोडणं, दोन्ही येतं म्हणून आपण जिवंत. पेट्रोल अर्धवट जळलं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो या लोखंडाला प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून घट्ट धरतो आणि लवकर सोडतच नाही. श्वास चालू असतो, छाती हलत असते, पण रक्ताच्या गाड्या भलत्याच मालानं भरलेल्या. माणसाला गुदमरल्यासारखंही वाटत नाही. डोकं दुखतं, मळमळतं आणि झोप येते. म्हणून तो इतका भयंकर.

ब्रिटनच्या खाणींत स्फोटानंतर माणसं का मरतात, हे जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १८९० च्या दशकात शोधलं. स्फोटानं मेलेत असं वाटायचं, पण बहुतेकांना या वायूनंच मारलेलं असायचं. त्यांनी स्वतः तो वायू श्वासात घेऊन काय काय होतं ते लिहून ठेवलं. मग सुचवलं की खाणीत लहान पक्षी न्यावा. त्याचा श्वास जलद, त्याला विष आधी लागतं, तो कोलमडला की माणसांनी बाहेर पळावं.

"म्हणून खिडकी उघडी असली तरी चालत नाही?" थोरल्यानं विचारलं.

"नाही चालत. ओसरी नाही, ढाळज नाही, जिना नाही. उघड्यावर, लांब, आणि वारा घरातून त्याच्याकडं जाईल असा."

साडेदहाच्या पुढं शेतांच्या अंगाला दोन बॅटऱ्या हलताना दिसल्या. एका खांबाशी थांबल्या, पुढं सरकल्या, पुन्हा थांबल्या. वायरमन होते. गाव झोपलेलं असतं तेव्हा ते चिखलातून तुटलेली तार हुडकत जातात.

"ते वरच्या तारेला हात लावतात?"

"मागून लाइट बंद करून, तार जमिनीशी जोडून घेऊन लावतात. पण एक धोका त्यांना दिसत नाही. तो आपल्यासारख्यांच्या घरात असतो."

कोपऱ्यावरची डीपी अकरा हजार व्होल्ट घेते आणि आपल्याला दोनशे तीस देते. लोखंडावर गुंडाळलेल्या दोन तारा, फॅरडेचं कडंच ते. पण त्या कड्याला दिशा कळत नाही. काही लोक दोन्ही टोकांना पिना लावलेली वायर करतात, एक टोक जनरेटरला, दुसरं घरातल्या प्लगला. सगळं घर उजळतं. मेन स्विच चालू राहिलेला असला की तीच वीज मीटरमधून उलटी डीपीत जाते आणि पलीकडे अकरा हजार होऊन निघते, ज्या तारेवर तो माणूस चढलाय त्या तारेत. म्हणून माझ्या भिंतीवर चेंजओव्हर आहे. दांडा वर केला तर बोर्डाची लाइट, खाली केला तर जनरेटरची. मधल्या मध्ये दोन्ही तुटलेल्या. दोन्ही एकदम जोडणं त्याच्या घडणीतच नाही.

बॅटऱ्या आता लिंबाच्या मोडलेल्या फांदीपाशी आल्या होत्या. कुणीतरी शिडी टेकवली.

मी उठलो आणि आत गेलो. अंधारात भिंत चाचपत दांड्यापर्यंत पोचलो. धाकटी माझ्या धोतराचा सोगा धरून मागोमाग आली होती.

"जनरेटर तर बंद आहे, अज्जा. आणि मघाशी बघितलंस की."

"बघितलं होतं," मी म्हटलं, आणि दांड्यावर हात ठेवून पुन्हा बघितलं.